खिशातली पट्टी

तीनदाराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून असायचं. सबस्टेशनमध्ये ऑपरेटर म्हणून एकतीस वर्षं काढलेल्या या गृहस्थांना प्रत्येक गोष्ट तीन वेळा तपासायची खोड होती. स्विच बंद केला की तीनदा बघायचे, कुलूप लावलं की तीनदा ओढायचे. घराचं कुलूपही त्यातून सुटायचं नाही. बायको जिन्यात उभी राहून म्हणायची, "अहो, चला आता, त्या कुलपाला घेरी येईल."

हे नाव ठेवलं तिच्या धाकट्या भावाने. तो त्याच सबस्टेशनमध्ये फिटर होता. अंगाने आडदांड, कामाला वाघ आणि जिभेला हाड नाही. "आमचे भाऊजी शिंकतातसुद्धा तीनदा," तो सांगायचा, "एका शिंकेवर त्यांचा विश्वास बसत नाही." दुसऱ्याला नाव ठेवणाऱ्यालाही नाव पडतंच. वॉचमनपासून साहेबांपर्यंत सगळे त्याला 'मेहुणे' म्हणत, जणू सबस्टेशनमधल्या सगळ्यांच्या बायका त्याच्याच बहिणी.

तीनदारावांच्या खोडीला कारण होतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, दुसऱ्या एका सबस्टेशनमध्ये, त्यांनी ट्रान्सफॉर्मर फुटताना पाहिला होता. पाहिला म्हणजे काय, मान वळवेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. लोकांना वाटतं ट्रान्सफॉर्मर आधी पेटतो आणि मग फुटतो. तसं नसतं. खोलीएवढ्या लोखंडी टाकीत तांब्याची वेटोळी तेलात बुडवून ठेवलेली असतात. त्यांच्यावर गुंडाळलेला कागद कुठेतरी जुना होतो, झिजतो, तिथे ठिणगी पडते, आणि ठिणगीच्या आसपासच्या तेलाचा वायू होतो. थोडा वायू असेल तर बुडबुडे होऊन वर जातो, कोणाला कळतही नाही. पण त्या ठिणगीचा एकदा का लोळ झाला, की पापणी लवायच्या आत इतका वायू होतो की टाकीच्या पोटात तो मावत नाही. लोखंड शिवणीवर उसवतं, उकळतं तेल बाहेर उडतं, त्याला हवा मिळते, आणि आग लागते ती त्यानंतर. त्या दिवशी टाकीवरच्या इन्सुलेटरचा चिनीमातीचा हातभर तुकडा उडून शंभर पावलांवरच्या कॅन्टीनच्या भिंतीत रुतला होता. ज्या खुर्चीच्या बरोबर वर तो रुतला, त्या खुर्चीवर तीनदाराव रोज बसत. त्या दिवशी चहा संपला म्हणून आणायला उठले होते. तेव्हापासून त्यांनी कुठल्याही गोष्टीवर एकदाच बघून विश्वास ठेवला नाही.

अशा माणसाच्या हातून ती चूक झाली.

त्यांच्या सबस्टेशनात दोन मोठे ट्रान्सफॉर्मर होते. कागदोपत्री त्यांना रोहित्र क्रमांक एक आणि दोन म्हणत, पण जिवंत माणसाच्या तोंडी थोरला आणि धाकटा. दोघांच्या मध्ये काँक्रीटची जाड भिंत होती, एक गेला तर दुसऱ्याला घेऊन जाऊ नये म्हणून. प्रत्येकाच्या डोक्यावर, तेलाच्या पाइपात, एक डब्याएवढा रिले बसवलेला होता. आतली युक्ती साधी. तेलावर तरंगणारे दोन गोळे. टाकीतून बुडबुडे आले की ते या डब्यात साठतात, पहिला गोळा खाली येतो आणि कंट्रोल रूममध्ये घंटा वाजते, की बाबांनो, पोटात काहीतरी बिघडलंय. वायू फार वाढला किंवा तेलाने उसळी मारली की दुसरा गोळा हलतो, आणि तो कोणाला विचारत बसत नाही, सरळ ट्रान्सफॉर्मर बंद करून टाकतो. घंटा माणसासाठी असते. दुसरा गोळा, माणूस चुकलाच तर त्याच्यासाठी.

आता गंमत अशी की तेल गाळून पुन्हा भरलं की त्यात हवा राहते. ती दिवसभर बुडबुडत वर येते आणि या दुसऱ्या गोळ्याला फसवते. ट्रान्सफॉर्मर उगाच बंद पडतो आणि अर्धं शहर साहेबांच्या नावाने बोटं मोडतं. म्हणून तेल गाळल्यावर एका दिवसापुरता दुसऱ्या गोळ्याचा हात बांधून ठेवायची पद्धत होती. पॅनेलच्या मागे, दोन स्क्रूंच्या मध्ये, बोटभर लांबीची पितळी पट्टी असते. ती काढून घेतली की घंटा वाजत राहते, पण ट्रान्सफॉर्मर आपणहून बंद होत नाही.

काढलेली पट्टी ठेवायची कुठे, याची त्या सबस्टेशनात एक रीत होती. कुठल्याही नियमपुस्तकात ती नव्हती, पण नियमांपेक्षा कडक होती. टेबलावर नाही, खणात नाही. पट्टी ऑपरेटरच्या शर्टाच्या डाव्या खिशात. पाळी संपली की ती पुढच्याच्या तळहातावर ठेवायची आणि त्याच्या डोळ्यांत बघून सांगायचं, "थोरल्याची पट्टी तुझ्याकडे." पट्टी खिशात असताना घरी जायचं नाही, मग घरी आभाळ कोसळलं तरी. वॉचमनलासुद्धा हे ठाऊक होतं. कोणाच्या हातात ती पितळ दिसली, म्हणजे यार्डात एक ट्रान्सफॉर्मर राखणीवाचून उभा आहे.

चूक उघडी पडली त्याच्या दहा दिवस आधी थोरल्याचं तेल गाळून झालं होतं. पट्टी तीनदारावांनीच काढली. ती तीन पाळ्या हातोहात फिरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत त्यांच्याच तळहातावर आली. दहा वाजता चोवीस तास भरत होते. दहाचं रीडिंग लिहायला त्यांनी लॉगबुक उघडलं, आणि पेन हातात आहेच तर, म्हणून तांबड्या शाईने लिहून टाकलं, 'दहा वाजता थोरल्याची पट्टी लावली.' मग उठले आणि खिशावर हात ठेवून पॅनेलच्या मागे जायला निघाले. आधी करायचं आणि मग लिहायचं, हा त्यांचा एकतीस वर्षांचा धडा. तो त्यांनी एकदाच उलटा गिरवला.

तेवढ्यात यार्डातून मेहुण्याची हाक आली. तेल गाळायच्या पंपाचा पाइप निसटला होता आणि तेलाच्या चिळकांड्या उडत होत्या. तीनदाराव धावले. दोघांनी मिळून वॉल्व्ह बंद करेपर्यंत दोघेही डोक्यापासून पायापर्यंत तेलात न्हाले. मेहुण्याने आपला जादा शर्ट त्यांना घालायला दिला. त्यात तीनदाराव आणि आणखी एखादा पाहुणा सहज मावला असता. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. तेलकट शर्ट पिशवीत गेला, पिशवी घरी गेली, आणि लॉगबुकात तर लिहिलेलंच होतं. पुढच्या पाळीने लॉगबुक वाचलं, त्यापुढच्या पाळीनेही वाचलं. पॅनेलच्या मागे जाऊन कोणी बघितलं नाही. तीनदारावांनी लिहिलंय म्हटल्यावर कोण कशाला बघतंय?

चूक कळली त्या दिवशी, म्हणजे नऊ दिवसांनी, त्यांची दुपारची पाळी होती. सकाळचे साडेदहा झाले असतील. ते स्वयंपाकघराच्या दारात चहा पीत उभे होते आणि बायको पिठाचा डबा उघडत होती. डब्याचं झाकण घट्ट बसायचं. तिने खिडकीतून एक पट्टी उचलली, झाकणाच्या कडेत सरकवली आणि मनगट वळवलं. टक्क करून झाकण निघालं.

तीनदारावांनी ती पट्टी पाहिली. दोन टोकांना दोन खाचा आणि मधोमध ठोकलेला आकडा, एक.

"ही कुठून आणलीस?"

"ही होय? तुमच्या त्या तेलकट शर्टात होती. धुताना हाताला लागली. मला वाटलं भंगार असेल. पण फार कामाची निघाली हो, माझे चमचे वाकायचे थांबले."

"अगं, मला विचारायचंस तरी!"

"तुम्ही झोपला होतात. भंगारासाठी काय माणसाला उठवायचं?"

त्यांनी चहाचा कप तसाच ओट्यावर ठेवला. नऊ दिवस. नऊ दिवस थोरला अर्ध्या शहराचा भार अंगावर घेऊन उभा होता, आणि त्याला वाचवणारी वस्तू त्यांच्या घरात पिठाचे डबे उघडत होती.

ते बाहेरच्या खोलीत गेले. मोबाइल उचलला आणि कंट्रोल रूमचा नंबर लावला. तो नंबर त्यांना झोपेतही आला असता. सांगायचं एवढंच होतं, की थोरल्याची पट्टी जागेवर नाही, भार धाकट्यावर घ्या. बोलायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. पण कंट्रोल रूमच्या फोनवरचा शब्दन् शब्द टेप होतो. एकतीस वर्षांत एक मेमो नाही, निवृत्तीला चार महिने, आणि तीनदारावांनी पट्टी घरी नेली, लॉगबुकात खोटं लिहिलं, ही गोष्ट त्यांच्याच आवाजात कायमची राहणार. लोक काय हसले असते! मग मनाने हळूच सुचवलं, नऊ दिवसांत काही झालं नाही, आता वीस मिनिटांत काय होणार? स्कूटर काढावी, गुपचूप पॅनेलच्या मागे जावं, दोन स्क्रू आवळावेत. ना कोणाला खबर, ना कोणाला त्रास. पलीकडे घंटी वाजायच्या आत त्यांनी फोन बंद केला.

माणूस नेहमी वाईट सवयींनीच बुडतो असं नाही. कधी कधी इतकी वर्षं जपलेलं चांगलं नावच त्याच्या गळ्यात धोंडा होऊन बसतं.

"कोणाला लावत होतात?" बायकोने आतून विचारलं.

"कोणाला नाही." त्यांनी तिच्या हातून पट्टी घेतली. "ही मला हवीय."

"अहो, मग मी डबा कशाने उघडू?"

पण ते जिन्यात पोचले होते.

रस्त्यात पहिली सात मिनिटं बरी गेली. आठव्या मिनिटाला रेल्वेचं फाटक त्यांच्या नाकासमोर खाली आलं. पट्टी डाव्या खिशात होती, आणि स्कूटरच्या थरथरीने ती छातीवर टकटक करत होती. मालगाडी येत होती. मालगाडीला कसली घाई? तिचे डबे मोजता मोजता तीनदारावांच्या लक्षात आलं की आपल्याला घाम फुटला आहे. भीती वाटत होती, आणि ती मेमोची नव्हती. त्यांनी फोन काढला आणि मेहुण्याला लावला. मेहुण्याचा फोन टेप होत नाही, त्याला हळूच सांगता येईल. घंटी वाजत राहिली आणि शेवटी आपोआप थांबली.

मेहुणा फोन घेत नाही याचा अर्थ एकच. यार्डात फोन न्यायला बंदी होती, आत जाताना तो कंट्रोल रूमच्या फळीवर ठेवावा लागे. म्हणजे मेहुणा यार्डात होता. आणि सकाळी यार्डात ठरलेलं काही काम नव्हतं.

आता त्यांनी टेपची पर्वा केली नाही. कंट्रोल रूमचा नंबर लावला. तो व्यस्त होता. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. तिसऱ्यांदाही तेच. ज्या फोनवर बोलायला आपण पंधरा मिनिटांपूर्वी लाजलो, तोच फोन आता लागत नाही, हे त्यांना असं काही झोंबलं की फाटक पुरतं वर जायच्या आत त्यांनी मान वाकवून स्कूटर खालून काढली. फाटकवाल्याने दिलेली शिवी त्यांना मागून ऐकू आली.

सबस्टेशनच्या दारात वॉचमन स्टुलावर बसला होता. "काका, आज लवकर? बरं झालं आलात. थोरल्याची घंटा वाजलीय."

"कधी?"

"झाली की दहा मिनिटं. ऑपरेटर बाई मोठ्या साहेबांशी फोनवर बोलतायत. साहेब म्हणाले, आताच तेल गाळलंय ना, हवाच असणार ती. मेहुणे गेलेत हवा काढायला."

तीनदारावांनी स्कूटर सोडून दिली. ती आडवी पडली आणि चाक फिरत राहिलं.

तो वायू काढायची पद्धत ठरलेली. रिलेपासून एक बारीक नळी ट्रान्सफॉर्मरच्या पायथ्याशी उतरवलेली असते, तिच्या तोटीला काचेची बाटली लावून वायू भरायचा. मग बाटली लांब न्यायची, भिंतीआड, आणि काडी ओढायची. जळाला नाही तर हवा. निळी ज्योत धरली तर पोटात आग आहे, पळा. चालू ट्रान्सफॉर्मरच्या पायाशी असं बसायला फिटर तयार होतो तो एकाच भरवशावर, की काही विपरीत असलंच तर दुसरा गोळा आपल्या आधी हलेल. मेहुणा त्या भरवशावर बसला होता, आणि तो भरवसा त्याच्या भाऊजींच्या खिशात होता.

ते यार्डाच्या कुंपणातून आत शिरले. पायाखाली खडी करकरत होती. उजवीकडे चाळीस पावलांवर कंट्रोल रूमची मोठी खिडकी होती. काचेमागे सकाळच्या पाळीच्या ऑपरेटर बाई रिसीव्हर कानाला लावून मान हलवत होत्या. डावीकडे चाळीस पावलांवर थोरला, आणि त्याच्या पायाशी उकिडवा बसलेला मेहुणा, यार्डाकडे पाठ करून. पिवळं हेल्मेट, भली मोठी पाठ. त्या पाठीचा शर्ट तीनदारावांनी एक दिवस अंगात घातला होता.

आणि थोरल्याचा आवाज नेहमीचा नव्हता. इतकी वर्षं त्या गुणगुणण्यात बसून त्यांनी डबा खाल्ला होता, पेपर वाचला होता. आज त्या गुणगुणण्याच्या तळाशी काहीतरी कडकडत होतं, कढईत पाण्याचा थेंब पडावा तसं.

"मेहुणे!" ते ओरडले. "बाई! बंद करा! थोरला बंद करा!"

एवढ्या आवाजात त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही. खिडकीकडे धावावं तर मेहुणा उरतो. मेहुण्याकडे धावावं तर त्या आडदांड माणसाला उठवून, समजावून सांगेपर्यंत थोरला थांबणार नाही. पाय दोनच होते, आणि दोन्ही खडीत रुतल्यासारखे झाले होते. मग त्यांचा हात आपसूक खिशाकडे गेला. त्यांनी पट्टी काढली आणि डोक्यावर उंच धरली. तिच्यावर ऊन पडलं. पॅनेलच्या मागे ती कधी इतकी चमकली नव्हती. नऊ दिवसांत बायकोने तिला घासूनपुसून लख्ख केलं होतं.

बाईंनी आधी पाहिलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं आणि रिसीव्हर हातातून गळून वायरला लोंबकळू लागला. काय झालं, कसं झालं, हे विचारायची गरजच नव्हती. त्या पॅनेलकडे वळल्या.

त्याच वेळी मेहुणा बाटलीला बूच लावून उठला आणि कंबर मोकळी करायला मागे वाकला. त्याला भाऊजी दिसले. भर उन्हात खडीवर, हात वर करून, पुतळ्यासारखे उभे. त्याच्या तोंडावर हसू आलं, आता काहीतरी वात्रट बोलणार असं ते हसू. मग त्याची नजर हातातल्या पट्टीवर गेली. हसू तसंच अर्धं राहिलं, बाटली खाली पडली, आणि तो भिंतीच्या दिशेने पळत सुटला. एवढं जड शरीर इतकं चपळ पळू शकतं हे तीनदारावांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

बाईंनी हँडल फिरवलं आणि थोरला फुटला, यांतलं आधी काय झालं ते पुढे तीन तज्ज्ञांनाही नक्की सांगता आलं नाही. थोरला एकदा गुरगुरला. त्याची टाकी फुगली, हो, लोखंडाची टाकी फुगताना तीनदारावांनी डोळ्यांनी पाहिली. मग एक कोपरा वरपासून खालपर्यंत उसवला. आवाज ऐकू आला नाही, तो छातीत बसला. तापल्या वाऱ्याने त्यांना उचलून खडीवर आपटलं. वरून चिनीमातीचे तुकडे पडत होते आणि भिंतीच्या त्या बाजूला काळा धूर ज्वाळांसकट आभाळात चढत होता. वीज तुटली होती, त्यामुळे आग बाहेर उडालेल्या तेलापुरतीच राहिली. भिंतीने धाकट्याला राखलं.

मेहुणा भिंतीआड सापडला. पाय पसरून, भिंतीला टेकून बसला होता. मान आणि दोन्ही हात भाजले होते, दोन्ही कानांतून रक्ताची बारीक रेघ उतरली होती. तीनदाराव गुडघ्यांवर पडून त्याला चाचपत राहिले. "भाऊजी," तो केवढ्याने तरी ओरडून म्हणाला, कारण त्याला स्वतःचा आवाज येत नव्हता, "पट्टी तुमच्याकडे कशी?"

तासाभराने साहेब आले, तेव्हा तीनदारावांनी मूठ उघडून पट्टी टेबलावर ठेवली. तळहातावर दोन खाचांचे वळ उमटले होते. लॉगबुकाचं पान त्यांनी स्वतः उघडून दाखवलं. "आधी लिहिलं. लावायची राहिली. शर्टाबरोबर घरी गेली." तीन वाक्यांत एकतीस वर्षं संपली. साहेबही त्यांच्या नजरेला नजर देत नव्हते, कारण 'हवाच असणार' हे त्यांचं बोलणंही टेप झालेलं होतं.

दुसऱ्या दिवशी चौकशीला तिघे जण आले. सगळं विचारून झाल्यावर त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याने चष्मा काढून विचारलं, "पट्टी घरात दिसल्याबरोबर तुम्ही निघालात?"

"हो," तीनदाराव म्हणाले.

ते खोटं नव्हतं. दिसल्याबरोबरच निघाले होते. त्याच संध्याकाळी प्राथमिक अहवालात त्यांचं निलंबन आलं, आणि त्याच्या खाली एक ओळ आली, 'तथापि त्यांनी तत्परतेने धाव घेऊन दाखवलेल्या प्रसंगावधानामुळे फिटरचे प्राण वाचले.' बाईंनी ती ओळ त्यांना वाचून दाखवली आणि बाईंचेच डोळे भरून आले. तीनदारावांना निलंबनाचं काही वाटलं नाही. ती ओळ मात्र त्यांनी बाईंना दुसऱ्यांदा वाचू दिली नाही.

तिसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी ते हॉस्पिटलात गेले. बायको वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून भावाचा धुऊन आणलेला डबा पुसत होती. ते तिच्या शेजारी बसले.

"त्या दिवशी मी कंट्रोल रूमला फोन लावला होता," ते म्हणाले. "आणि तोडला. सांगितलं असतं तर तो तिथे बसलाच नसता. लाज वाटली मला. नुसती लाज."

तिने डब्याचं झाकण लावलं. "फोन लावलेलाही मी पाहिला आणि तोडलेलाही. विचारलं होतं ना तुम्हाला, कोणाला लावत होतात म्हणून."

"मग तीन दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलताय का, ते बघत होते." तिने डबा पिशवीत ठेवला. "माझा एकुलता एक भाऊ आहे तो. माफ करायचं की नाही ते मला अजून ठरवता येत नाहीये. पण हे मला सांगून काय उपयोग? भाजलाय तो आत पडलाय."

वॉर्डात दहा पलंग होते, दहाही भरलेले. प्रत्येकाजवळ दोन-दोन माणसं. मेहुणा खिडकीजवळ होता. मान आणि हात बँडेजात, कानांत कापूस. भाऊजींना बघून त्याने भुवया उंचावल्या.

तीनदाराव पलंगाशी वाकले. "मला घरीच कळलं होतं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "तुम्हाला वाचवायला एक फोन पुरला असता. माझं नाव खराब होईल म्हणून मी तो केला नाही."

"काय?" मेहुणा ओरडला. "ऐकू येत नाही! मोठ्याने!"

तीनदारावांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. शेजारच्या पलंगावरची बाई बोलायची थांबली.

मेहुण्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि मान हलवली. "अहो, कापूस आहे कानात. नीट सांगा!"

तेव्हा तीनदाराव ताठ उभे राहिले. टेप होणाऱ्या फोनवर जे बोलवलं नव्हतं ते त्यांनी दहा पलंगांच्या वॉर्डात, उभ्या आयुष्यात कधी चढवला नव्हता एवढा आवाज चढवून सांगितलं. "मी घाबरलो! लोक हसतील म्हणून घाबरलो! मी फोन केला असता तर तुम्ही भाजला नसतात!" बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. सगळा वॉर्ड वळून बघत होता. दारातून नर्स धावत आली आणि त्यांचा चेहरा बघून तिथेच थांबली.

मेहुणा खिडकीबाहेर बघत राहिला.

"डाव्या कानाने येतं थोडं," मग तो अगदी साध्या आवाजात म्हणाला. "पहिल्यांदाच ऐकलं होतं, भाऊजी."

तो हसला नाही. पण त्याने पाय आखडून घेतले आणि पलंगावर हातभर जागा केली. तीनदाराव तिथे बसले.